उपविधी चौदाचे नाटेकर

माणसे येतात आणि जातात, संस्था टिकते ती नियमांवर, असे रघुवीर नाटेकर म्हणत, आणि हे वाक्य ते उभे राहूनच म्हणत. आमच्या पंचवृक्ष सोसायटीच्या उपविधींचे पुस्तक त्यांनी लाल फडक्यात बांधून देवघरात, अन्नपूर्णेच्या शेजारी ठेवले होते. रोज सकाळी त्याला हळदकुंकू लागे. चवथीला दूर्वाही मिळत. सभेच्या दिवशी ते दोन्ही तळहातांवर धरून खाली आणले जाई, टेबलावर ठेवले जाई, आणि सभा संपली की तसेच वर नेले जाई. मी इथे राहायला आल्यापासून त्या फडक्याची गाठ सुटलेली कधी पाहिली नाही.

मला नाटेकर आवडत नसत. हे आधीच सांगितलेले बरे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलेच बोलावे असा संकेत आहे; तो मी पाळला, तर हे लिखाण इथेच संपेल.

आमची सोसायटी डिचोलीहून सर्वणला जाताना डाव्या हाताला लागते. नावाप्रमाणे पाच इमारती व्हायच्या होत्या. बिल्डरने तीन बांधल्या आणि तो दिसेनासा झाला. उरलेल्या दोन वृक्षांच्या जागी आता खरेच वृक्ष आहेत, काजूचे. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो आणि पुस्तकांनी भरलेला टेम्पो घेऊन इथे आलो, तेव्हा फाटकातच एका उंच, सरळ पाठीच्या माणसाने हात वर करून टेम्पो थांबवला. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेने.

"ही पुस्तकं वैयक्तिक आहेत की व्यावसायिक?"

"वाचण्यासाठी आहेत," मी म्हणालो.

"म्हणजे दोन्हीपैकी काही नाही. तसं लिहून द्या."

मी लिहून दिले. त्यांनी कागद वाचला, घडी केली, खिशात घातला आणि म्हणाले, "राग मानू नका. मी बोलतो म्हणून तो नियम नव्हे. नियम आहे म्हणून मी बोलतो." हे त्यांचे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकले, की आमच्या पाण्याच्या पंपाच्या आवाजासारखे ते ऐकू येईनासे झाले.

नाटेकर सरकारी नोकरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःला दोन बढत्या दिल्या. नव्या माणसाशी बोलताना ते 'मी खात्यात असताना' अशी सुरुवात करत, आणि ऐकणाऱ्याला वाटे, खाते त्यांच्यात होते. सोसायटीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे कसे आले हे कोणालाच नीट आठवत नव्हते. पहिल्या सभेत बिल्डरच्या माणसाने "कोण बघील ह्या सगळां?" असे विचारले आणि ते उभे राहिले, एवढेच सांगतात. त्यानंतर ते बसले नाहीत.

त्यांच्या कारभाराचा नमुना म्हणून पोदेराची गोष्ट पुरे आहे. सकाळी पाववाला सायकलवरून पों पों करत येतो. गोव्यात याला कोणी गोंगाट म्हणत नाही. ते घड्याळ असते. नाटेकरांनी फलकावर सूचना लावली: 'आदेशावरून, आवारात भोंगा वाजवण्यास सक्त मनाई.' पोदेर समजूतदार होता. त्याने भोंगा बंद केला आणि आमच्या फाटकावरून न थांबता जाऊ लागला. तिसऱ्या दिवशी नाटेकरांच्या चहाबरोबर उंडे पाव नव्हते. चौथ्या दिवशी सूचनेखाली नव्या शाईने एक ओळ आली: 'बी इमारतीच्या गच्चीखाली वगळून.' बी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर नाटेकर राहत.

त्यांच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, रेश्मा गवस राहत असे. मूळची दोडामार्गकडची. खाणी जोरात असताना तिच्या नवऱ्याचा स्वतःचा टिपर ट्रक होता आणि त्या दिवसांत त्यांनी हा फ्लॅट घेतला. खाणी बंद पडल्या, टिपर गेला, आणि बाबली गवस कोणाच्या ना कोणाच्या टेम्पोवर बदली ड्रायव्हर म्हणून फिरू लागला. मग रेश्माने घरात पाळणाघर काढले. आमच्या पलीकडे औद्योगिक वसाहत आहे. तिथे कोल्हापूर, बेळगावकडच्या पुष्कळ बायका पॅकिंगला, मशीनवर काम करतात. त्यांची नऊ-दहा पोरे दिवसभर रेश्माकडे असत. जेवण, झोप, आणि झोपेआधी गाणी. गवसांचे घर त्यावर चालत होते, आणि त्या नऊ-दहा घरांचेही.

अडचण गाण्यांची होती. पोरे गात दुपारी अडीचला, आणि नाटेकर दोन ते चार झोपत. आमच्याकडे दुपारची झोप ही सवय नसते, संस्कार असतो. दुकाने तेव्हा बंद असतात, कुत्रीही भुंकत नाहीत. नाटेकरांनी आधी काठीने जमीन ठोकून पाहिली. पोरांना वाटले वरचे आजोबा ताल धरतात. ती आणखी जोरात गाऊ लागली. मग ते खाली गेले.

"हे निवासी संकुल आहे, बालवाडी नव्हे."

"काका, पोरां आसत ती. तेंका गप रव म्हणून सांगलां तर ती चार पटीन बोंबलतत," रेश्मा म्हणाली. "तुमी कानात कापूस घाला मां."

"कापूस मी घालणार नाही. मी दुरुस्ती घालीन."

ती दुरुस्ती म्हणजे उपविधी क्रमांक चौदा. त्यात सदनिका राहण्यासाठी वापरावी एवढेच होते. नाटेकरांनी त्याला शेपूट जोडले: 'बालसंगोपन, शिकवणी अथवा तत्सम ध्वनिकारक व्यवसायास मनाई राहील.' ध्वनिकारक हा शब्द त्यांनी स्वतः तयार केला होता आणि तो म्हणताना ते किंचित थांबत, लोकांनी तो नीट पाहून घ्यावा म्हणून.

आता उपविधी बदलायचा तर त्याची रीत असते, आणि ती त्या लाल फडक्यातल्या पुस्तकातच छापलेली आहे. दुरुस्तीचा मसुदा जोडून सर्वांना आगाऊ नोटीस द्यायची, विशेष सभा बोलवायची, गणसंख्या भरायची, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांनी होकार द्यायचा, आणि मग निबंधकांनी नोंद केली की बदल लागू. त्याआधी नाही. नाटेकरांनी नोटीस काढली, मसुदा जोडायचा राहिला, आणि रविवार सकाळ निवडली. अर्धी सोसायटी मासळीबाजारात होती आणि उरलेली कोणाच्या तरी लग्नाला केरीला. सभेला मी, नाटेकर आणि टेबलावरचे पुस्तक होतो.

"हे सभासद सापडतात तरी कुठे?" नाटेकर रिकाम्या खुर्च्यांना म्हणाले.

त्याचे उत्तर त्यांना दोन आठवड्यांनी मिळाले. सोसायटीतली सगळी माणसे एकत्र सापडतात ती फक्त वर्षाच्या सत्यनारायणाला, कारण त्यानंतर जेवण असते. आणि आमच्याकडे पूजेनंतर गाऱ्हाणे घालतात. जो मानकरी असेल तो देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणे मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसे एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. मानकरी अर्थातच नाटेकर. एरवी शुद्ध बोलणारे नाटेकर गाऱ्हाण्यापुरते गावच्या बोलीत उतरत.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुजी सगळी लेकरां तुज्या पायाकडे जमलेली आसत, तेंच्यावर किरपादृष्टी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोराबाळांचो सांभाळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची वाकडी नदर आसात, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या सोसायटीच्या उपविधी क्रमांक चौदात जी ध्वनिकारक व्यवसायाची दुरुस्ती योजलेली आसा, ती सगळ्यांच्या एकमतान मंजूर करून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वरणाचा वास सुटला होता. मागच्या रांगेत मीही म्हणालो. गाऱ्हाण्यात वाक्य संपेपर्यंत कोणी थांबत नाही. म्हाराजा हा शब्द आला की तोंडे आपोआप उघडतात. सगळ्यांत खणखणीत आवाज रेश्माचा होता, कडेवर कोणाचे तरी पोर घेऊन उभी होती ती.

दुसऱ्या दिवशी फलकावर: 'सर्व सभासदांच्या उपस्थितीत दुरुस्ती एकमताने मंजूर. तळमजल्यावरील व्यवसाय महिनाअखेर बंद करणे. आदेशावरून.'

मला वाटले, लोक हसतील. कोणी हसले नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काशिनाथ गांवस (रेश्माचे गवस वेगळे), ज्यांचा नातू रेश्माच्याच मांडीवर वाढला होता, ते मला जिन्यात म्हणाले, "चूक झाली खरी. पण देवासमोर व्हय म्हटलां. आता नाय कशें म्हणपाचें?" असे म्हणणारे ते एकटे नव्हते. नाटेकरांनी काय केले हे सगळ्यांना कळले होते, आणि तरी शब्द दिला गेला होता. सर्वांत वाईट म्हणजे रेश्मालाही तसेच वाटत होते. मी गेलो तेव्हा ती पोरांच्या आयांना दुसरीकडे बघा म्हणून सांगत होती.

"मी माझ्याच तोंडान म्हटलंय, सर. देव ऐकत होतो."

"देव नाटेकरांचंही ऐकत होता," मी म्हणालो. "त्याला कळलं असेल."

"तुमचा काय, तुमी देव मानत नाय."

तिथे उभी असलेली एक आई, निपाणीकडची, गणवेशातच आली होती. ती म्हणाली, "अवो, महिनाअखेर म्हंजे आठ दिस. पोराला कडेवर घिऊन मशीनवर हुबं ऱ्हाता येतंय व्हय?"

मी निबंधकांच्या कचेरीत हरकत पाठवली. नाटेकरांनी दुरुस्ती नोंदणीला पाठवलीच होती. महिना संपायच्या आत दोघांना एकाच दिवशी बोलावणे आले. सकाळी मी गाडी काढतो तर नाटेकर फाटकात उभे, काखेत लाल पुडके.

"विरोधक असलात तरी गाडी तुमचीच आहे," म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले. वाटेत त्यांनी मला दोनदा वेग कमी करायला सांगितले.

कचेरीतली अधिकारी पेडण्याकडची, हळर्णची, चाळिशीची बाई होती. तिने कागद चाळले.

"नोटीस खंय आसा, काका?"

"नोटीस सत्यनारायणाची होती. फलकावर. प्रसादासह."

"हजेरीच्या सह्या?"

"पूजेला सह्या घेत नाहीत, बाईसाहेब."

तिने इतिवृत्त पुढे ओढले. ते नाटेकरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते, सुंदर अक्षर होते त्यांचे. ती एका ओळीशी थांबली.

"'अध्यक्षस्थानी श्री सत्यनारायण.' हे कोण?"

नाटेकर प्रथमच गोंधळले. "म्हणजे... देव. त्यांच्यासमोर मी कसा अध्यक्ष होणार? ते औचित्याला धरून झालं नसतं."

"सभासद आहेत ते? फ्लॅट आहे त्यांच्या नावावर?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

"काका, गाऱ्हाणें आमच्या हळर्णाकय घालतात," ती शांतपणे म्हणाली. "पूण ताका कोण ठराव म्हणना." मग तिने सगळे परत केले, आणि तोवर पाळणाघर चालू राहील असे सांगितले. रीतसर नोटीस, मसुदा जोडून, सभा, आणि मतदान हात वर करून नको, सभासदांची नावे पुकारून घ्या, म्हणजे कोण काय म्हणाले ते राहील.

परतताना मुळगावच्या वळणावर नाटेकरांनी पुडके मांडीवर घेतले. मग म्हणाले, "बाई बरोबर होती. आता मी तुम्हाला रीत दाखवतो."

आणि त्यांनी दाखवली. हे मला कबूल केले पाहिजे. त्या रात्री, सुमतीकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी सांगत, फडक्याची गाठ सुटली. नोटीस वेळेत निघाली, मसुदा जोडलेला होता, प्रत्येक दारात सही घेऊन दिली. सभा ठेवली संध्याकाळी, मासळीबाजार आणि लग्ने टाळून. एक ग्रंथपाल म्हणून मी ती नोटीस चुका शोधत वाचली. एकही नव्हती. मला फार वाईट वाटले.

कारण आता दुरुस्ती खरोखर पास होऊ शकत होती. पाण्याचा टँकर कोणत्या इमारतीला आधी, कोणाची गाडी सावलीत, हे सगळे नाटेकरांच्या हातात होते आणि लोकांना त्यांच्याशी वाकडे नको होते. त्यात देवाला दिलेला शब्द. मी दारोदार फिरलो. लोकांनी चहा दिला, मत दिले नाही.

सभेला इतकी माणसे आली, की खुर्च्या कमी पडल्या. नाटेकरांनी मसुदा वाचला, ध्वनिकारकपाशी थांबले, पुढे गेले. मग काशिनाथ गांवस उठले आणि देवाच्या शब्दाचे काय, ते विचारले. खाली मान घालून बसलेली रेश्मा उभी राहिली. तिने या चार आठवड्यांत बराच विचार केला असावा.

"काशिनाथकाकानूं, त्या दिवशी देवाक पयला काय सांगलां? पोराबाळांचो सांभाळ कर. तेकाय तुमी व्हयच म्हटलात. मगे ता आधी करूया, आणि मगे ह्या बघूया." ती नाटेकरांकडे वळली. "आणि म्हाराजाक मधी घालून तुमी माका भायर काढूक बघलात. माका सांगूचा होता तर तोंडार सांगूचा होता."

"मुद्द्यावर बोला," नाटेकर म्हणाले.

"ह्योच मुद्दो."

कोणी तरी टाळी वाजवली आणि लगेच थांबला, कारण नाटेकर तिकडे बघत होते.

मतदान सुरू झाले. सेक्रेटरी होता संतोष पाटील, कोल्हापूरचा, वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब बघणारा मुलगा. पद घेऊन त्याला महिनाही झाला नव्हता, त्यामुळे जे लिहिले असेल ते तो वाचत असे. ए इमारत झाली. बहुतेक होकार. बी इमारत सुरू झाली. तळमजला, रेश्माच्या नवऱ्याचे नाव. तो नको म्हणाला. मग संतोषने वाचले, "पहिला मजला. सुमती रघुवीर नाटेकर."

"होकार," नाटेकर म्हणाले.

संतोषने मान वर केली. "काका, नाव काकूंचं हाय."

"तेच ते. आमचं एकच."

"एक कसं, काका? बाईंनी नावानं पुकारायला सांगितलंय. तुमचं नाव कुठं हाय? पुढं बघतो... न्हाईच की."

नाटेकरांनी पत्नीकडे पाहिले. सुमतीकाकू शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांना सभेत बोलताना कधी ऐकले नव्हते. सभेत काय, जिन्यातही फारसे नाही.

"फ्लॅट माझ्या बाबांनी घेऊन दिला," त्या म्हणाल्या. "माझ्या नावावर. पहिल्यापासून."

"ते माहीत आहे सगळ्यांना," नाटेकर म्हणाले. ते कोणालाच माहीत नव्हते. "तू होकार म्हण, म्हणजे झालं."

"माझं मत विचारतोय ना तो?" काकूंनी संतोषकडे बोट केले. "मग मी सांगते. नको. दुपारी ती पोरं गातात तेव्हा घरात कोणीतरी आहे असं वाटतं. हे काय, घोरतात."

"सुमती! मी अध्यक्ष आहे!"

"सभासद असता तर असता," काकू म्हणाल्या.

उरलेली नावे संतोषने वाचली. सी इमारतीतला रंग जरा बदललेला होता. अध्यक्षाचे अध्यक्षपण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेल्यावर टँकरची भीती उरत नाही. तरी पुष्कळांनी होकारच दिला. बेरीज झाली तेव्हा दोन तृतीयांशांना एक मत कमी पडले. काकूंचे. नाटेकर उभे राहिले, पुस्तक उचलले आणि वर गेले. मी आजवर इतकी सरळ पाठ करून जिना चढणारा माणूस पाहिलेला नाही. मला त्यांची दया आली असे लिहायला बरे वाटले असते.

त्यानंतर काही नवे घडले नाही, म्हणजे नाटेकर बदलले नाहीत. काकूंनी आपल्याला सहसभासद करावे म्हणून ते मागे लागले. काकू "बघू या" म्हणत राहिल्या. दुपारी काठीने जमीन ठोकणे चालूच होते. रेश्माशी ते पुन्हा बोलले नाहीत. तिच्या हाताने आलेला चवथीचा नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा त्यांनी दारातून परत पाठवला आणि काकूंनी तो मागच्या दाराने आत घेतला. माझ्यावर त्यांनी तीन तक्रारी केल्या, पैकी एक माझ्या गाडीच्या रंगाबद्दल. संतोष अध्यक्ष झाला. नाटेकरांच्या काळातले सगळे निर्णय आता बेकायदा ठरतात का, हा प्रश्न कोणी काढला नाही. तो सोडवायला आणखी एक सभा घ्यावी लागली असती.

यंदा पौषात ते गेले. सकाळी, चहा घेताना, एकाएकी. रेश्मा वर गेली, काकूंजवळ बसली, आणि मग खाली येऊन तिने सगळ्या आयांना फोन केले, आज पोरां आणू नकात, घरात माणूस गेलां. माणसे हलक्या पावलांनी जिना चढली, उतरली. कोणी टीव्ही लावला नाही. पोदेरही फाटकाबाहेरून न वाजवता गेला. दुपारी दोन वाजले, अडीच वाजले, आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदाच पंचवृक्षात पान पडले तरी ऐकू यावे अशी शांतता झाली. चार वाजेपर्यंत ती तशीच होती. काशिनाथ गांवस खालच्या आवाजात म्हणाले, शेवटी त्यांना हवी होती ती दुपार त्यांना मिळाली.

त्यांचा मुलगा दुबईहून दुसऱ्या दिवशी यायचा होता, म्हणून नाटेकर त्या दुपारी म्हापशाला, शवागारात होते.